कम्युनिटी कॉलेजचं वर्ष संपलं: अहवालात आलेलं आणि राहून गेलेलं

तिन्हीसांज (जून २०२५)

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ झाला. दोन दिवसांनी वर्षभराच्या कामाचा अहवाल मेलमध्ये येऊन पडला. समारंभ डोळ्यांपुढे ताजा असतानाच अहवाल वाचला, आणि तेव्हापासून मनात जे चाललंय ते इथे लिहिते आहे.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवते. यंदा बारा वर्षं झाली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारीही आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडचं आयटीआय, मुक्त विद्यापीठ आणि पदवीची पहिली दोन वर्षं एका छपराखाली आणली तर साधारण जे होईल, ते कम्युनिटी कॉलेज. प्रवेश परीक्षा नाही, टक्क्यांची कटऑफ नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दार उघडं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत वीस लाखांहून जास्त लोक शिकतात. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि बाकी ज्याला ज्याला शिकायचंय तो कम्युनिटी कॉलेजात, अशी ती वाटणी होती. १९८४ पर्यंत फी नव्हतीच. आज एका युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात आणि २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिट लागतात, म्हणजे फी झाली २७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येऊन पूर्ण वेळ शिकणाऱ्याला ही फीसुद्धा दोन वर्षं माफ होऊ शकते.

आता अहवाल. चांगल्या गोष्टी खरंच बऱ्याच आहेत. कोविडमध्ये कोसळलेली पटसंख्या सावरली आहे. शाळेत असतानाच आमच्याकडे एखादा विषय घेणारी मुलं वाढली. नर्सिंगचा निकाल उत्तम लागला. विद्यार्थ्यांसाठीची धान्याची खोली आता आठवड्यातून चार दिवस उघडी असते. सेमिस्टरच्या शेवटी तिथून डाळ-तांदळाची पिशवी घेऊन थेट परीक्षेला येणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे अहवालातली ही एक ओळ मला नर्सिंगच्या निकालाइतकीच मोलाची वाटते.

पण शेवटच्या पानावर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दिलंय, आणि तिथे मी अडले. सरकारदरबारी हे प्रमाण मोजायची जी जुनी पद्धत आहे, ती धरते फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना. शिवाय ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळेत, म्हणजे दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत, संपवली तरच ती धरायची. माझ्या संध्याकाळच्या वर्गात बत्तीस जण होते. या मोजणीत बसणारे त्यातले तिघं किंवा चौघं असतील. बाकीचे दिवसभर नोकरी करून सेमिस्टरला एक, फार तर दोन विषय घेतात. ते पास झाले काय नि सुटले काय, त्या टक्क्याला त्याचा पत्ताच नाही.

समारंभात ज्यांना बघून माझा गळा दाटून आला त्या बाई याच बाकीच्यांतल्या. वय ५४. दिवसा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करतात. २०१३ साली, मी नोकरीला लागले त्याच वर्षी, त्या कॉलेजात आल्या. पदवीला बारा वर्षं लागली. मध्ये नवऱ्याचं आजारपण, मग कोविड, मग मोठ्या मुलीचं बाळंतपण. स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा अडकल्या, तिसऱ्यांदा सुटल्या. आमच्या लायब्ररीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर सेमिस्टरभरासाठी उसने मिळतात. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने नंबर लावलेला असतो. बाई दरवेळी सतरा नंबरच मागून घ्यायच्या. त्याचं उत्तर काढायचं बटण जरा जोरात दाबावं लागतं आणि त्यांच्या अंगठ्याला ती सवय झाली होती. समारंभाच्या दिवशी अंगात गाऊन, हातात टोपी अशा त्या आधी लायब्ररीत आल्या. हातरुमालात गुंडाळलेला सतरा नंबर काउंटरवर ठेवला, पावती घेतली आणि मग मैदानाकडे गेल्या. बॅटऱ्या नव्या घातलेल्या होत्या.

आमच्या अहवालाच्या हिशेबात या बाई कुठेच येत नाहीत.

आता पुढची काळजी. यंदा मला सर्वांत जास्त छळलं ते बोगस विद्यार्थ्यांनी. इकडे त्यांना घोस्ट स्टुडंट म्हणतात. चोरलेल्या किंवा बनावट ओळखीवर ऑनलाइन वर्गात नाव नोंदवायचं, सरकारी मदतीचा अर्ज करायचा, पैसे खात्यात पडले की गायब. प्रवेशाचं दार सताड उघडं असल्याचा असा फायदा उठवला जातो. माझ्या जानेवारीतल्या ऑनलाइन स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात ४० जागा, सगळ्या भरलेल्या, वर १५ जणांची वेटलिस्ट. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ओळख लिहायला सांगितली, तर कितीतरी उत्तरं एकाच छापाची. मग एक साधं गणित दिलं आणि वहीत हाताने सोडवून त्याचा फोटो टाकायला सांगितलं. २२ फोटो आले. उरलेल्या १८ जणांना मेल केले, फोन केले. कुणाचाच पत्ता नाही. नावं काढली, वेटलिस्टवरच्यांना बोलावलं, पण तोवर दुसरा आठवडा संपत आला होता. नर्सिंगला अर्ज करण्यासाठी हाच विषय हवा असलेल्या एका मुलीचं उत्तर आलं, "थँक यू प्रोफेसर, पण आता मी पाळणाघराचे तास दुसरीकडे लावलेत. पुढच्या वर्षी बघते." पुढच्या वर्षी म्हणजे तिचा नर्सिंगचा अर्जही वर्षभर लांबला. चोरी सरकारी पैशाची झाली असं सगळे म्हणतात. त्या मुलीचं एक वर्ष गेलं, ते कुणाच्या खाती मांडायचं?

जून २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने पहिल्यांदा मदत मागणाऱ्या काही अर्जदारांची ओळखपत्रं तपासायचं ठरवलंय. व्हायलाच हवं ते. भीती एवढीच की कागदांचं जाळं विणलं की त्यात खरी गरजू माणसंच आधी अडकतात. घर नसलेल्या विद्यार्थ्याने मुदतीतलं सरकारी ओळखपत्र कुठून आणायचं?

दुसरी काळजी आमची शिक्षकांची. मी 'पार्ट टाइम' आहे. कायद्याप्रमाणे एका कॉलेज-डिस्ट्रिक्टमध्ये (एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत) पूर्ण वेळ शिक्षकाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम मिळतं. म्हणून मी दोन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवते आणि मंगळवार-गुरुवार मधला वेळ हायवेवर जातो. विद्यार्थ्याला वर्ग सुटल्यावर काही विचारायचं असतं तेव्हा मला निघायचं असतं. शाळेत आमच्या बाई मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शंका सोडवायच्या, ते आठवतं आणि वाईट वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. इकडचे, तिकडचे, शिकणाऱ्यांचे, शिकवणाऱ्यांचे.

---

अबोली

तिन्हीसांज, सतरा नंबर वाचताना डोळे भरून आले. मीही तुमच्या त्या न मोजलेल्यांतलीच.

लग्न होऊन एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, आले. कराडची बी.ई., पुण्यात तीन वर्षांची नोकरी, आणि इथे काम करायची परवानगी नाही. दुपारी बाराला घर आवरून झालं की पुढचा दिवस अंगावर यायचा. २०१३ मध्ये शेजारच्या एका चिनी आजींनी कॉलेजचं पुस्तक हातात ठेवलं, "मी इथे चित्रकला शिकते, तूही ये" म्हणाल्या. इथे राहून वर्ष झालं होतं म्हणून रेसिडेंट फी लागली. अकाउंटिंगचा चार युनिटचा विषय, १८४ डॉलर. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, इंजिनियर होऊन परत कॉलेज?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही नीट सांगता येत नव्हतं. एवढंच कळत होतं की आठवड्यातून दोनदा मला कुणीतरी नावाने हाक मारतं, हजेरीत का होईना.

२०१५ साली एच-४ वाल्यांतल्या काहींना, ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलं होतं त्यांना, कामाची परवानगी मिळायला लागली. तोवर माझे सहा विषय झाले होते. आज एका छोट्या कंपनीचे हिशेब सांभाळते. पदवी काही घेतली नाही, म्हणजे अहवालात मी 'मध्येच सोडून गेलेली' असणार!

---

रानवाट

धागा काळजाला भिडला. मी इकडचं लिहितो.

यूजीसीने २०१३ मध्ये भारतातही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू कॉलेजांतच कौशल्याचे पदविका अभ्यासक्रम काढायचे, जवळच्या उद्योगांना बरोबर घ्यायचं, शिकता शिकता प्रत्यक्ष काम करायचं. पाठोपाठ बी.व्होक. ही कौशल्याची पदवी आली. आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजाला दुग्धप्रक्रियेचा अभ्यासक्रम मिळाला. पहिल्या तुकडीतली पोरं पहाटे संकलन केंद्रावर फॅट काढायला बसायची आणि अकराला वर्गात यायची. त्यांतल्या एकाने पुढे स्वतःचं खव्याचं युनिट टाकलं, अजून चालू आहे. त्याच्या भट्टीवर मी दर दिवाळीला जातो.

पण अनुदान वेळेवर येईना. आला हप्ता तर आधीच्या खर्चाची प्रमाणपत्रं अडायची, त्यात पुढचा हप्ता लांबायचा. मी तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, होतो. तुमचे ६७ टक्के वाचले आणि आमचं सीएचबी आठवलं. तिकडे निदान पगार महिन्याला होत असेल. आमचं मानधन कधी कधी वर्ष संपल्यावर हातात यायचं. अभ्यासक्रम शेवटी बंद पडला. पोरं कमी पडली म्हणून बंद पडला असं कागदावर आहे. पोरं कमी का पडली, ते कागदावर नाही.

---

ठाम_मत

थोडं वेगळं लिहितो, गैरसमज नसावा. दार उघडं ठेवणं ठीक, पण आत आलेल्यांची तयारी कोण बघणार? कॅलिफोर्नियाने पायाभूत गणिताचे वर्ग जवळजवळ बंदच केले ना? माझा मेहुणा तिकडे शिकवतो. तो म्हणतो, अपूर्णांकांची बेरीज न येणारा मुलगा थेट स्टॅटिस्टिक्सला बसवतात. याला यश म्हणायचं का?

---

तिन्हीसांज

ठाम_मत, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी यावर कित्येक रात्री विचार केलाय.

२०१७ च्या कायद्यानंतर हा बदल झाला, २०१९ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्टमधल्या सेमिस्टरपासून, सगळीकडे लागू झाला. आधी काय होतं ते सांगते. प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घ्यायचो. त्यात कमी पडला की अंकगणित, मग पूर्व-बीजगणित, मग बीजगणित, मग आणखी एक पायरी. चार पायऱ्या चढल्यावर ज्याचे गुण पदवीला धरले जातात तो विषय. प्रत्येक पायरीवर काही जण गळायचे. नापास होऊनच असं नाही. पास होऊनही पुढच्या सेमिस्टरला नाव न नोंदवणारे खूप असायचे. मी स्वतः ते अंकगणिताचे वर्ग मन लावून घेतले आहेत, पण तिथून निघून स्टॅटिस्टिक्सपर्यंत पोचलेले माझे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता थेट स्टॅटिस्टिक्स आणि त्याला जोडून आधाराचा तास. अपूर्णांक लागतील तेव्हा, लागतील तेवढे, त्याच तासात शिकवायचे. पास होणाऱ्यांची संख्या नक्की वाढली आहे. पण नापास होणारेही वाढले आहेत, आणि त्यांच्यासाठी खालचा वर्गच उरलेला नाही, हेही खरं. २०२५ च्या फॉलपासून विज्ञान-इंजिनियरिंगकडे जाणाऱ्यांना बहुतांशी थेट कॅल्क्युलसला बसवायचं ठरलं आहे. त्याची मला धास्ती वाटते. स्टॅटिस्टिक्सला आधाराच्या एका तासात गाडी निभावते. त्रिकोणमिती न शिकलेल्याला कॅल्क्युलसमध्ये त्या एका तासात कुठवर ओढत नेणार?

तुमच्या मेहुण्यांशी बोलायला आवडेल. ते आधाराच्या तासात काय करतात, विचाराल का?

---

कृष्णाकाठ

मी साताऱ्याचा. हा धागा वाचून वडिलांची आठवण झाली.

कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि 'कमवा आणि शिका' घराघरात पोचलं. माझे वडील त्याच योजनेत शिकले. पहाटे शेतात काम, मग वर्ग, संध्याकाळी परत काम. त्यांच्या तळहाताला शेवटपर्यंत घट्टे होते. आम्हाला हात दाखवून म्हणायचे, "ही माझी फी."

तुमच्या त्या ५४ वर्षांच्या बाईंचा अंगठा वाचला आणि ते हात आठवले. बाईंना आमचा नमस्कार सांगा.

---

पैलतीर

नमस्कार. वाचनमात्र असतो, आज लिहितोय. आम्ही फ्रीमाँटला असतो. मुलाला यंदा हव्या त्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नाही. दूरच्या एका कॉलेजात मिळतोय, पण कर्ज काढावं लागेल. तो स्वतः म्हणतो, कम्युनिटी कॉलेजात जातो आणि दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतो. मला पटतंय, पण मंडळाच्या कार्यक्रमात "मुलगा कुठे?" असं कुणी विचारलं की बायको विषय बदलते. मुलाच्या ते लक्षात आलंय. नंतर चांगल्या ठिकाणी ट्रान्सफर खरंच मिळते का?

---

तिन्हीसांज

पैलतीर, मिळते. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसना लेखी हमीच आहे, टॅग म्हणतात त्याला: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. ठरलेले विषय आणि ठरलेली सरासरी राखली की जागा पक्की, पण काही शाखांना, विशेषतः कॉम्प्युटर सायन्सला, हमी नसते किंवा अटी कडक असतात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, तरी तिथेही ट्रान्सफरने दर वर्षी मुलं जातात. टॅगचा अर्ज फक्त सप्टेंबरात भरता येतो, ती तारीख चुकवू नका. आमच्याकडचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसला चालतो ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर बघायला मिळतं. पहिल्याच महिन्यात काउन्सेलरकडे बसून दोन वर्षांचा तक्ता करून घ्या. सगळ्यांनाच घ्याव्या लागणाऱ्या सामान्य विषयांची यादीही २०२५ च्या फॉलपासून बदलली आहे. आता यूसी आणि स्टेटला मिळून एकच यादी, कॅल-गेटसी (Cal-GETC), त्यामुळे मोठ्या भावंडांच्या जुन्या याद्या वापरू नका.

आणि एक सांगू का? तुमच्या मुलाने कर्जाचा विचार करून हा रस्ता स्वतः निवडलाय. तो शहाणा आहे. वहिनींना म्हणावं, पुढच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर कॉलेजचं नाव मुलासमोर मोठ्याने सांगा.

---

मक्याचं_शेत

मी इलिनॉयमध्ये असते. पैलतीर, तुमच्या घरच्यांना हेही सांगा: या देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आमच्या जोलिएटचं, १९०१ सालचं, आणि ते सुरू झालं तेव्हा विद्यार्थी होते सहा. मुलांना पहिली दोन वर्षं घराजवळ शिकता यावं एवढाच हेतू होता. तुमचा मुलगा त्याच हेतूने चाललाय.

---

अबोली

पैलतीर, मुलाला नक्की पाठवा. तिन्हीसांज, एक विचारायचं होतं. मला शनिवारी वेळ असतो. तुमच्या ट्यूटरिंग सेंटरला बाहेरची माणसं चालतात का? अपूर्णांक मला शिकवता येतील.

---

तिन्हीसांज

चालतात, अबोली. एक फॉर्म असतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, दोन-तीन आठवडे जातात. ऑगस्टच्या आधी भरलात तर पहिल्या शनिवारपासून याल. संपर्कातून निरोप करते. शनिवारीच जास्त गरज असते, कारण कामावरून येणारे त्याच दिवशी येतात.

कृष्णाकाठ, नमस्कार पोचवते. बाईंचा फोन येतो अधूनमधून. बालवाडीत मदतनीस म्हणून अर्ज केलाय त्यांनी.

---

रानवाट

तिन्हीसांज, तुमच्या आधाराच्या तासाच्या अपूर्णांकांच्या कार्यपत्रिका मिळतील का? आता मी इथे रात्रशाळेत दहावीला बाहेरून बसणाऱ्यांना शिकवतो. गवंडीकाम करणारे आहेत, दोघी भाजी विकतात. मोजमाप हातात पक्कं आहे, कागदावर आलं की हरवतात. मराठीत मीच करून घेईन.

---

तिन्हीसांज

आज रात्री पहिल्या तीन आठवड्यांच्या पाठवते. इंच-फुटांची उदाहरणं तुम्हाला थेट चालतील, गवंड्यांच्या टेपवर इंच असतातच. पिझ्झाची काढून भाकरीची घाला. आणि ती भाजीवाली जोडी पाव किलो-अर्धा किलो कसं सांगते ते मला लिहून पाठवा, माझ्या वर्गात तसं एक उदाहरण हवं आहे.